दोन-दोन दिसायला लागलं आणि थेरपिस्ट खूश झाली

माझा डावा डोळा बाहेर जातो. म्हणजे जायचा. कायम नाही, पण दमले की, झोप झालेली नसली की, किंवा लांब कुठेतरी शून्यात बघत बसले की तो हळूच कानाच्या दिशेने सरकायचा आणि मला पत्ताच नसायचा. पत्ता समोरच्याला लागायचा. मी बोलतेय आणि समोरचा माणूस मागे वळून बघतोय की ही नक्की कुणाशी बोलतेय, हे इतक्या वेळा झालंय की मी बोलताना खाली बघायची सवयच लावून घेतली होती. आणखी एक सवय म्हणजे उन्हात गेलं की डावा डोळा मिटून घ्यायचा. मला वाटायचं सगळेच असं करतात. नंतर कळलं की असा अधूनमधून बाहेर जाणारा डोळा असलेल्यांची ही अगदी ठरलेली खूण आहे.

पस्तिशीनंतर प्रकार वाढला. आधी संध्याकाळी जायचा तो आता दुपारीच जायला लागला, वाचताना कपाळ दुखायचं, मग शेवटी तिरळेपणाचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक डोळा झाकायचा, मग दुसरा, मग परत पहिला, असं बराच वेळ केलं आणि मध्ये प्रिझमच्या काचा धरून माप काढलं. लांबचं बघताना 30 आलं आणि जवळचं 20. हे 30 म्हणजे काय ते मला त्यांनीच समजावलं, एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटरवर एक सेंटिमीटरचा फरक, म्हणजे माझा डोळा एक मीटरवरच्या वस्तूच्या 30 सेंटिमीटर बाजूला बघत होता. फूटपट्टीएवढं! मग एक डोळा तासभर पट्टीखाली ठेवला आणि पट्टी काढल्यावर, दोन्ही डोळ्यांना एकत्र बघायची संधी न देता, परत मोजलं तर जवळचं मापही वाढून 30 च्या आसपास आलं, म्हणजे जवळ बघताना मी इतकी वर्षं जोर लावून डोळा आत धरून ठेवत होते. कपाळ का दुखायचं त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

ऑपरेशन करायचं ठरलं. पण त्याआधी तीन-चार महिने व्हिजन थेरपी, म्हणजे डोळ्यांचे व्यायाम, करून ये असं त्यांनी सांगितलं आणि मी मनात म्हटलं चला, व्यायामानेच सरळ होईल, कापाकापी टळेल. हे मी बोलूनही दाखवलं. ते हसले आणि म्हणाले 30 व्यायामाने जाणार नाही, डोळा मी सरळ करीन, पण नंतर तो सरळ धरून ठेवायचं काम तुमच्या मेंदूचं आहे, आणि आत्ता तुमचा मेंदू लांबचं बघताना तो डोळा सरळ बंदच करून टाकतोय.

बंद कसा, डोळा तर उघडा आहे? तर थेरपिस्टने पहिल्याच दिवशी एक टेस्ट दाखवली. उजव्या डोळ्यावर लाल काच, डाव्यावर हिरवी, आणि समोर चार दिवे, एक लाल, दोन हिरवे, एक पांढरा. जवळून बघितलं तर चार दिसले. मी खूश. मग तोच प्रकार खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि मला दोनच दिवे दिसले, दोन्ही लाल (लाल काचेतून पांढराही लालच दिसतो आणि हिरवे दिसतच नाहीत). हिरवे गायब. म्हणजे डाव्या डोळ्यातून येणारं सगळं मेंदूने बाजूला टाकलेलं. याला सप्रेशन म्हणतात. मेंदू बिचारा वाईट हेतूने करत नाही, डोळा बाहेर गेला की दोन-दोन दिसायला हवं, त्या गोंधळापेक्षा एक चित्र टाकून दिलेलं बरं असं तो लहानपणीच ठरवतो. थोडक्यात इतकी वर्षं माझाच मेंदू माझ्याच डोळ्याकडे डोळेझाक करत होता.

आता व्यायाम. आठवड्यातून एकदा थेरपिस्टकडे आणि घरी रोज वीस मिनिटं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? करून बघा. पहिल्या आठवड्यात मी सात मिनिटांत गळाले, डोकं असं जड झालं की सरळ जाऊन आडवी झाले.

मुख्य व्यायाम दोरीचा. ब्रॉक स्ट्रिंग म्हणतात, फ्रेडरिक ब्रॉक नावाच्या ऑप्टोमेट्रिस्टवरून. दिसायला अगदी हास्यास्पद, एक लांब पांढरी दोरी आणि तिच्यात ओवलेले तीन रंगीत मणी. एक टोक दाराच्या मुठीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याला टेकवून धरायचं आणि एकेका मण्याकडे बघायचं. दोन्ही डोळे चालू असतील तर दोरी एक नाही, दोन दिसतात, एकेका डोळ्याची एकेक, आणि ज्या मण्याकडे बघताय तिथे त्या एकमेकींना छेदतात. मधल्या मण्याकडे बघितलं तर फुली दिसते आणि पुढचा-मागचा मणी दोन-दोन दिसतात. हे दोन-दोन दिसणं बरोबर आहे, सगळ्यांनाच तसं दिसतं, आपण फक्त लक्ष देत नाही. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे कमी वळलेत, अलीकडे पडली तर जास्त वळलेत. आणि एक दोरी गायबच झाली तर एक डोळा झोपलाय. एवढ्याशा दोरीत सगळा रिपोर्ट. मला तर महागड्या मशीनपेक्षा ही दोरीच जास्त आवडली.

जवळच्या मण्यावर मला फुली दिसायची. मधल्यावर कधी दिसायची कधी नाही. दाराजवळच्या मण्याकडे बघितलं की डाव्या डोळ्याची दोरी पुसल्यासारखी जायची, फळा पुसतात तशी, आधी टोकाकडून आणि मग पूर्ण. पापण्या भराभर मिटायच्या, दोरी हलवायची, की परत यायची आणि दोन सेकंदांत परत जायची. हे तीन आठवडे चाललं. रोज तेच. वहीत लिहायचं किती सेकंद टिकली, माझ्या वहीत नुसते २, ३, २, १, ३. एकदा अकरा सेकंद टिकली होती आणि तेवढ्यात नवऱ्याने पलीकडून दार उघडलं, दोरी खाली, मणी सरकले, आणि मी त्या माणसावर इतकी ओरडले की त्यानंतर तो व्यायामाच्या वेळी दारावर टकटक करायला लागला. स्वतःच्या घरात.

पेन्सिलचाही व्यायाम होता, पेन्सिल हातभर लांब धरून हळूहळू नाकाकडे आणायची आणि दोन दिसायला लागेपर्यंत एकच ठेवायची. हा सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे हाच सांगतात. पण नुसती पेन्सिल करत बसण्यात फार अर्थ नाही असं थेरपिस्टचं मत होतं. 2008 मध्ये आलेला एक मोठा अभ्यास तिने सांगितला, 9 ते 17 वयाची 221 मुलं, 12 आठवडे, त्यात थेरपिस्टसमोर बसून आणि वर घरी सराव असं करणाऱ्यांपैकी 73 टक्के मुलांना फायदा झाला आणि घरी नुसती पेन्सिल करणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांना. मी लगेच म्हटलं बघा, होतो ना फायदा, मग ऑपरेशन कशाला. तर ती म्हणाली ती मुलं तिरळी नव्हती, त्यांचे डोळे जवळचं बघताना पुरेसे आत वळत नव्हते एवढंच, ते वेगळं, तुमचं वेगळं, तो आकडा स्वतःला लावू नका. ती स्वतः थेरपी करणारी असून तिने हे सांगितलं म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. नाहीतर या विषयात दोन्हीकडचे लोक टोकाचं बोलतात, काहींना सगळं व्यायामाने बरं होतं आणि काहींना थेरपी म्हणजे नुसती टाइमपास.

पाचव्या आठवड्यात ती गोष्ट झाली. संध्याकाळी जिना उतरत होते आणि खालच्या पायऱ्या अचानक दोन-दोन झाल्या. कठडा धरला, एक डोळा मिटला, एकच. उघडला, दोन. अशी घाबरले की रात्रीच थेरपिस्टला मेसेज टाकला की माझं बिघडलंय. तिचं उत्तर आलं, "अरे वा!" मला इतका राग आला. दुसऱ्या दिवशी तिने नीट सांगितलं, डोळा आधीही बाहेर जातच होता, फक्त मेंदू ते चित्र टाकून देत होता म्हणून तुम्हाला कळत नव्हतं, आता तो टाकत नाहीये. आता डोळा निसटला की तुम्हाला स्वतःला कळणार आणि कळलं तरच तुम्ही तो परत आत घेणार. तेव्हा माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला की हा व्यायाम डोळा सरळ करायचा नव्हताच, तो बाहेर गेल्याची बातमी मला पोचवायचा होता.

पण इथे एक सांगते आणि हे गंभीरपणे घ्या. मला जवळचं नीट जुळत होतं, म्हणजे दोन चित्रं एक करायची क्षमता होती, हे आधी तपासूनच तिने सप्रेशनला हात घातला. ज्यांना ती क्षमता नाही त्यांचं सप्रेशन तोडलं तर दोन-दोन दिसणं कायमचं मागे लागू शकतं. म्हणून व्हिडिओ बघून हे व्यायाम करू नका. आणि व्यायाम वगैरे काही न करता कुणाला अचानक दोन-दोन दिसायला लागलं तर ती बातमी चांगली नसते, ताबडतोब डॉक्टर.

पुढचे आठवडे कंटाळवाणे पण बरे गेले. प्रिझमच्या काचांची पट्टी डोळ्यासमोर धरून एकेक नंबर वाढवायचा आणि चित्र एक ठेवायचं, लाल-हिरवा चष्मा लावून स्क्रीनवरचे चौकोन जुळवायचे, खिडकीबाहेर बघ मग बोटाकडे बघ मग परत बाहेर. खोलीच्या टोकाचे दिवे कधी दोन, कधी पाच (पाच म्हणजे दोन्ही डोळे चालू पण जुळलेले नाहीत) आणि अकराव्या आठवड्यात पहिल्यांदा चार. मी दोनदा मोजले. दमलेल्या दिवशी मात्र परत दोन. माप? 30 चं 30. एक आकडासुद्धा हलला नाही, डॉक्टर म्हणाले होते तसंच.

ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी डोळे आत वळवायचे जोराचे व्यायाम डॉक्टरांनी बंद करायला लावले, मी ताकदीने डोळा आत धरला तर माप खोटं येईल म्हणून. ऑपरेशन दोन्ही डोळ्यांवर. मी विचारलं, जातो एक आणि कापता दोन? तर स्नायू मागे सरकवून ओढ कमी करायची असते आणि ती दोन्हीकडे वाटून घेतात, बाहेरच्या बाजूचा स्नायू प्रत्येक डोळ्याचा 7 मिलिमीटर मागे. डोळ्याच्या आत काही जात नाही, सगळं वरच्या वर. भूल दिली, उठले तेव्हा डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होत होतं आणि पांढरा भाग टोमॅटो.

दुसऱ्या दिवशी सगळं दोन-दोन. पण मी घाबरले नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की सुरुवातीला डोळे मुद्दाम जरासे जास्त आत ठेवतात कारण नंतर ते थोडे बाहेर सरकतात. व्यायामाला परवानगी मिळाल्यावर दोरी काढली, मुठीला बांधली, लांबच्या मण्याकडे बघितलं. दोन्ही दोऱ्या हजर. आणि फुली मण्याच्या अलीकडे, चांगली हातभर अलीकडे! चार महिने जी कायम पलीकडे पळत होती ती आता या बाजूला. मला हसूच आलं, डॉक्टरांनी जे तोंडी सांगितलं ते दोरीवर दिसत होतं.

मग रोज बघायचे. आज वीतभर, मग चार बोटं, एक दिवस उगाचच परत वीतभर (झोप झाली नव्हती). साडेतीन आठवड्यांनी सकाळी बघितलं तर फुली बरोबर मण्यावर. नवऱ्याला हाक मारली तर तो दारापलीकडूनच विचारतो, "उघडू का?" म्हटलं थांब, अजून दहा सेकंद.