आमची वाटचाल : प्लॉट मोजणी ते दरडीचा अंदाज

प्लॉटची मोजणी आणि कंटूर (समान उंचीच्या रेषांचे) नकाशे, एवढ्यावर कोल्हापुरात आमचं ऑफिस चालायचं. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता खचला, तिकडे महाड तालुक्यात तळियेवर दरड आली, आणि गिऱ्हाइकांचे प्रश्नच बदलले. गगनबावड्याकडे फार्महाऊस बांधणाराही विचारू लागला, "वरचा डोंगर सुटला तर माझ्यापर्यंत येईल का?"

यात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची सॉफ्टवेअरही वेगळी. डोंगर सुटेल का, हे स्लोप-डब्ल्यूसारखं सॉफ्टवेअर पाहतं. सुटल्यावर दगडमातीचा लोंढा कुठवर जाईल, यावर ते गप्प. त्याला रॅम्स, फ्लो-टूडी, आर.ॲव्हाफ्लो अशी सॉफ्टवेअर लागतात. विकणारे हा फरक क्वचितच सांगतात. रंगीत ॲनिमेशन मात्र झकास दाखवतात.

आम्ही आधी आर.ॲव्हाफ्लो घेतलं, कारण फुकट! पाणी आणि दगडमाती त्यात वेगवेगळी धरता येतात, पण शिकताना घाम निघतो. रोजच्या कामाला रॅम्स बरं पडलं. ते स्वित्झर्लंडचं, मुळात हिमस्खलनासाठी केलेलं. घर्षणाचे दोनच आकडे मागतं, म्यू (जमिनीशी होणाऱ्या कोरड्या घर्षणाचा) आणि क्साय (वेग वाढल्यावरच्या घर्षणाचा). सुरुवातीला म्यू ०.२ आणि क्साय २०० धरायची पद्धत आहे, पण हे आकडे आल्प्सच्या अनुभवातले. आपल्याकडे वर जांभा, त्याखाली चिकणमाती, तळाला काळा पाषाण. म्हणून घाटाकडची एक जुनी दरड निवडली. चिखल कुठवर आला होता, हे तिथल्या एका आजोबांनी विहिरीच्या कठड्यावर बोट ठेवून दाखवलं. मॉडेलमधला लोंढा त्या कठड्याला टेकेपर्यंत आकडे हलवत राहिलो.

खरी मारामारी उंचीच्या डेटाची. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरचा फुकटचा कार्टोडेम (उपग्रहावरून केलेला उंचीचा नकाशा) ३० मीटरचा, म्हणजे ३० मीटरच्या एका चौकोनाला उंचीचा एकच आकडा. त्यात पाच मीटर रुंदीचा ओढा दिसतच नाही, आणि लोंढा तर ओढ्यानंच येतो. ड्रोन उडवला तर कारवीच्या शेंड्यांची उंची मिळते, जमिनीची नाही. त्यामुळे ओढ्याचं पात्र अजून रोव्हर (हातात धरायचं जीपीएस मोजणी यंत्र) घेऊन चालतच मोजतो. जुना धंदा कामी आला तो इथं. सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या आधी मोजणीवर खर्च करा, असं आम्ही गिऱ्हाइकालाही सांगतो. (मोजणी आमचीच, हे खरं.)

अहवालात आता लोंढ्याचा एकच लाल पट्टा देत नाही. आकडे बदलून तीन देतो. ग्रामपंचायतीत लगेच विचारतात, "साहेब, यातला नक्की कुठला?" घर बांधायचं असेल तर सगळ्यात लांबवर गेलेला धरा, असं सांगतो.