भंडाऱ्याचा पिवळा आणि माझी नवी झूम लेन्स

७०-३०० मिलिमीटरची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घेतली म्हटल्यावर जो तो मला भिगवणला पाठवायला निघाला. फ्लेमिंगो, उजनीचं पाणी, पहाटेची होडी. ते फोटो इतक्या लोकांनी इतके छान काढलेत की माझ्याकडे त्यात घालायला काही नव्हतं. मला ही लेन्स हवी होती ती जेजुरीसाठी, तीही सोमवतीच्या जेजुरीसाठी.

खंडोबा हे आमच्या सासरचं कुलदैवत. लग्नानंतर नवऱ्याने रीतीप्रमाणे मला उचलून गडाच्या पायऱ्या चढवल्या, रीतीपुरत्याच. तेव्हापासून जेजुरीचे फोटो काढतेय, पण कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या किट लेन्सने गर्दीत शिरून काढलेल्या फोटोंत नेहमी कुणाची तरी पाठ, कुणाचा तरी कोपर. सोमवती अमावस्येला पालखी गडावरून कऱ्हेच्या स्नानाला निघते, तेव्हा तर हातभर अंतरावरचंही दिसत नाही. म्हणून या वेळी लांबून काढायचं ठरवलं. पालखीच्या वाटेवर ओळखीच्यांचं घर होतं, त्यांची गच्ची मिळाली.

लांबून काढण्याचा खरा फायदा गच्चीवरच कळला. लोक म्हणतात टेलीफोटो, म्हणजे अशी लांब पल्ल्याची लेन्स, गर्दी ‘दाबते’. दाबतं खरं तर अंतर. आपण लांब उभे राहिलो की पुढचा माणूस आणि त्याच्या दहा हात मागचा माणूस आकाराने जवळपास सारखे दिसतात. लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून मोठा करते. माझ्या सोनी ए६४०० चा सेन्सर एपीएस-सी, फुल-फ्रेमपेक्षा लहान, म्हणजे ३०० ला चौकट फुल-फ्रेमवरच्या ४५० इतकी अरुंद. त्या चौकटीत फेटे, उंचावलेले हात, पालखीचा दांडा आणि मागचे दगड सगळे एकमेकांवर रचल्यासारखे आले. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ची आरोळी उठली, भंडारा म्हणजे हळद उधळली की अख्खी चौकट एकदम पिवळी.

टॅमरॉनची ही लेन्स ५४५ ग्रॅमची, दिवसभर गळ्यात घालता येते. पण तिच्यात हाताचा कंप सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही आणि माझ्या कॅमेऱ्यातही नाही. त्यामुळे शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, असं पक्कं केलं होतं. ३०० ला अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, जास्तीत जास्त एफ/६.३ उघडतं, पण भर उन्हात त्याची अडचण आली नाही. अडचण आली ती फोकसची. भंडाऱ्याचा ढग मधे आला की ऑटोफोकसला धरायला काही उरत नाही, तो पुढेमागे शोधत बसतो. मग पालखी जिथून वळणार त्या कोपऱ्यावर आधीच फोकस लावून मॅन्युअलवर टाकलं आणि लोक तिथे येण्याची वाट पाहिली.

दुसरी काळजी हळदीची. झूम करताना या लेन्सची नळी बाहेर येते आणि प्रत्येक वेळी आत हवा ओढली जाते. हवा म्हणजे त्या दिवशी निम्मी हळदच. नळीच्या सांध्यावर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड, पुढच्या काचेवर ६७ मिलिमीटरचा यूव्ही फिल्टर, आणि लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. एवढं करूनही झूम शक्य तितकं कमी फिरवत होते. बराच वेळ ३०० वर, मग बराच वेळ ७० वर. झूम लेन्स विकत घेऊन ती अशी वापरायची हे विचित्र आहे खरं, पण त्यामुळे डोळा स्थिरावला. ३०० ला काय दिसेल हे कॅमेरा न लावताही कळू लागलं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरं कशाला धरायचं ते, ऑटोवर ठेवला नाही. चौकटभर पिवळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळ्याकडे ओढतो. ढग विरला की परत येतो. लागोपाठच्या दोन फोटोंत दोन वेगळ्या जेजुऱ्या. म्हणून तो ५२०० केल्व्हिनवर, म्हणजे साधारण उन्हाच्या उजेडावर, बांधून टाकला. शिवाय आरजीबी हिस्टोग्राम, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्याचे वेगवेगळे आलेख, बघत होते, कारण हळदीत लाल चॅनल सगळ्यात आधी फाटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन त्यातले बारकावे जातात, आणि एकूण उजेडाच्या आलेखात ते कळत नाही. म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली, म्हणजे फोटो जरासा अंधारा, ठेवलं.

घरी आल्यावर रॉ फाइली (कॅमेऱ्यातला कच्चा माल) लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. पडद्यावर पिवळा हा लाल आणि हिरवा मिळून होतो, निळा त्यात जवळपास नसतोच. हळदीइतका कडक पिवळा असला की निळा चॅनल शून्याला टेकतो, आणि मग ढगातल्या सळा, वळ्या, कण काहीच दिसत नाहीत. नुसता पिवळा डाग. सहज हात जातो तो सॅच्युरेशन वाढवण्याकडे, आणि नेमकं तेच इथे चालत नाही. मी पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उतरवलं, ल्युमिनन्सही (त्याचा उजळपणा) थोडा खाली घेतला, तेव्हा कुठे ढगाला पोत आला. प्रोफाइलही, म्हणजे रंगांची मूळ बैठक, अॅडोबी कलरवरून जास्त सौम्य न्यूट्रलवर नेलं.

पण फोटो अजूनही कावीळ झाल्यासारखे दिसत होते. उपाय सापडला तो पिवळ्याबाहेर. गर्दीत हळदीबरोबर खोबरंही उधळतात. एका फोटोत खोबऱ्याची वाटी हवेत तरंगतेय. तिचा पांढरा रंग मास्क लावून, म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून, जरा निवळला, तशी अख्ख्या फोटोतली हळद हळद दिसू लागली. मग तेच चेहऱ्यांवर केलं. लाइटरूममध्ये माणसं निवडून दात आणि डोळ्यांतला पांढरा भाग वेगळा धरता येतो. त्वचेला हात लावला नाही, फक्त दात आणि डोळे किंचित पांढऱ्याकडे आणले. माखलेल्या चेहऱ्यातून माणूस बाहेर आला. गडाचा काळा दगड तसाच राखाडी-काळा ठेवला आणि सावल्यांत जेमतेम निळसर छटा घातली, कारण रंगचक्रावर पिवळ्यासमोर निळाच बसतो. पिवळ्याला मी काहीही वाढवून दिलं नाही, तरी पिवळाच जोरात बोलू लागला.

आता खेळ. पिवळ्याचा ह्यू, म्हणजे रंगाची जात बदलणारा, स्लायडर डावीकडे नेला की तो केशरी होतो, आणि कलर मिक्सरमध्ये एकच नेमकी छटा धरणारा पॉइंट कलर घेऊन आणखी ढकलला तर थेट लाल. हळदीत चुना घातला की तिचं कुंकू होतं, त्यामुळे हा बदल मला परका वाटला नाही. तो फोटो आजही आवडतो. निळा करून पाहिला तर सासूबाई मागून म्हणाल्या, “अगं, देवावर नीळ कुणी उधळली?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो दिसायला सुंदर होता, पण जेजुरीचा नव्हता. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पिवळा उजळला तर महाबळेश्वरचं धुकं, काळवंडला तर कोळशाची वखार. दोन्ही पुसून टाकले.

कागदावर मात्र उलट अनुभव. पडद्यावर पिवळा मिसळून तयार करावा लागतो, छपाईत तो मुळातलाच रंग. आधी सॉफ्ट प्रूफिंगमध्ये, म्हणजे छापल्यावर कसा दिसेल ते पडद्यावर पाहून, बेतलेला फोटो बारा बाय अठरा इंचाच्या मॅट कागदावर छापून आणला, तर ढगाचा पिवळा पडद्यापेक्षा ताजा दिसत होता. तो सासूबाईंनी देवघराबाहेर लावला. तो कुंकवासारखा लाल केलेला फोटो माझ्या टेबलावर आहे.

ही सगळी मांडणी प्रीसेट म्हणून, म्हणजे दुसऱ्या फोटोंना एकदम लावता येईल अशी, साठवली आणि मावसबहिणीच्या हळदीच्या फोटोंवर चालवून पाहिली. तिथे नाहीच चालली. मांडवाच्या गुलाबी कापडातून गाळून आलेला उजेड, त्यात पिवळी साडी, गळ्यात झेंडू. नवरीच्या दातांपासून पुन्हा सुरुवात केली, आणि ते काम अजून अर्ध्यावर आहे.