खाचरातले टेंट

रतनवाडीला पहिल्यांदा गेलो तो पाण्यावरून. वीसेक वर्षं झाली असतील. शेंडीला एसटीतून उतरलो, भंडारदरा धरणाच्या काठावर लाँच धरली आणि निवांत रतनगडाच्या पायथ्याकडे निघालो. लाँचमध्ये आम्ही चौघे ट्रेकर, बाकी वाडीची माणसं. कुणाच्या पायाशी रॉकेलचा डबा, कुणाच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. लाँच चुकली की मुक्काम शेंडीलाच, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की आम्हीच परतीची वेळ दोनदा विचारून घेतली.

यंदा मे सरता सरता गेलो तो गाडीने. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. रस्ता चांगला, वळणं बेक्कार. आणि वळणावळणावर पाट्या: टेंट, होमस्टे, गावरान कोंबडी, तांदळाची भाकरी.

अकोले तालुक्याचं हे पश्चिम टोक. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. पुढे १९१० मध्ये इंग्रजांनी इथे प्रवरा अडवायला घेतली आणि १९२६ ला धरण पुरं झालं. ८२ मीटर उंच भिंत, पोटात ११ टीएमसी पाणी. धरणाला नाव दिलं मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. राघोजींच्या मुलखात गव्हर्नरच्या नावाचं धरण, हे मला दर वेळी खटकायचं.

नदीचा उगम रतनगडाच्या कुशीत, पण तिच्या पाण्याचं आवर्तन सुटतं ते खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे. तिकडे ऊस उभा राहिला, १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना आला. इकडे वर भात, नागली, वरई, आणि जोडीला गोळा केलेला हिरडा.

अमृतेश्वराच्या देवळापाशी गाडी लावली. हे देऊळ मात्र होतं तसंच आहे. झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं सांगतात. शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी वर चढत गेलेल्या. खालून बघत राहिलं की मान दुखते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंडी बुडते. जवळच पुष्करणी आहे, भिंतींत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींचे कोनाडे असलेली. पुष्करणीच्या पायरीवर कुणीतरी वेफर्सचं पाकीट सोडलं होतं. उचलून खिशात घातलं. दहा पावलांवर दुसरं होतं.

मुक्काम एका घरगुती ठिकाणी. समोरची खोली सिमेंटची, फरशी बसवलेली. मागची जुनी, कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली. आजी मागच्या खोलीतच बसतात. "फरशी पायाला गार लागती," म्हणाल्या. कोपऱ्यात पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं इरलं टेकवून ठेवलेलं. पळसाची पानं काळी पडलेली, बांबूच्या काड्या एका बाजूला सुटलेल्या. आवणीला, भाताच्या लावणीला, अजून वापरता का, विचारलं. "प्लॅस्टिक घेत्यात आता. पर वाकल्यावर ते पाठीला चिकटतं. इरल्यात आतून वारं खेळतं." मग त्यांनी ओसरलेल्या पाण्याकडे हात केला. काठ उघडा पडला होता, भेगाळलेल्या गाळावर गुरं हिंडत होती. "माझी आजेसासू सांगायची, आपली चांगली भातं ततं होती. खाली." आणि मला चहा घ्यायला लावला.

रात्री काजवे. यासाठीच तर सगळी गर्दी. पावसाच्या तोंडावर, मेच्या अखेरीपासून पुढचे दोन-तीन आठवडे, सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर ते लाखोंनी येतात. नर लुकलुकतात, मादी त्याला उजेडानेच जबाब देते. सगळा व्यवहार अंधारावर चालतो. आणि तिथे आम्ही गाड्यांची रांग लावून गेलेलो. एका वळणावर मी नकाशा बघायला थांबलो, हेडलाइट चालूच. बॉनेटवर थाप पडली. बारा-तेरा वर्षांचा पोरगा. "काका, लाइट मारू नका. झाड विझतंय."

बंद केले. मिनिटभर काहीच दिसेना. मग समोरचा सादडा बुडख्यापासून शेंड्यापर्यंत एका लयीत पेटला, विझला, पुन्हा पेटला. मागून कुणाच्या तरी गाडीत गाणं लागलं होतं. मला मघाची ती थाप आठवून लाज वाटत होती, त्यामुळे त्यांना काही बोललो नाही.

सकाळी आवाजाने जाग आली. घरामागच्या खाचरात निळे-केशरी टेंट ओळीने उभे, आणि त्यांच्यामधून आजी हातात विळा घेऊन फिरत होत्या. बांधालगतच्या चौकोनात भाताचं रोप टाकायला राब, म्हणजे पालापाचोळा, भाजलेला होता, राख अजून काळीभोर. एका टेंटची खुंटी नेमकी त्या राखेत ठोकलेली.

"हे कधी उतरवायचं? रोप टाकायचंय."

"आये, ह्यो एक शनवार-रविवार जाऊ दे," मुलगा पडवीतून म्हणाला. त्याचा फोन वाजत होता, बुकिंगचाच असावा.

आजींनी रतनगडाकडे बघितलं. माथ्यावरचं नेढं, खडकातलं आरपार भोक, ढगात गेलं होतं. त्या खाली बसल्या, राखेतली ती एक खुंटी हलवून हलवून उपटली आणि बांधावर ठेवून दिली. टेंटचा तो कोपरा खाली बसला. आतून कुणीतरी झोपेतच विचारलं, "काय झालं?"