तुम्ही विचारलंत म्हणून: व्हायरसच्या कामात मी कशी आले

"मॅडम, तुम्ही या व्हायरस आणि लशींच्या लायनीत कशा आलात? आम्हाला यायचं असेल तर काय करायचं?" कोविडनंतर कॉलेजात कुठेही बोलायला गेले की हा प्रश्न येतोच. दरवेळी दोन वाक्यांत उरकते, आज जरा नीट सांगते.

शिक्षणाचं पटकन सांगते. मी झूऑलॉजीवाली. बीएस्सी झाल्यावर बीएड करून गावाकडे शिक्षिका व्हायचं असं घरात जवळपास ठरलेलं. मग कळलं की पुण्यात एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, व्हायरॉलॉजीचं (व्हायरसच्या अभ्यासाचं) एमएस्सी करता येतं, एन्ट्रन्स दिली, लागला नंबर. पुढे डेंग्यूवर पीएचडी, म्हणजे दिवसभर एसीत बसून पेशींच्या प्लेटा बघायच्या. काम मनापासून करत होते, पण ते आपलं वाटायला लागलं ते 2016 मध्ये.

त्या जानेवारीत सिंधुदुर्गातल्या दोडामार्गहून मामीचा फोन आला. "गो, काजीत माकडां मरान पडतत, आणि माणसांका ताप येता, तू ह्याच शिकतंस मा?" मी पुस्तकात वाचलेला माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, माझ्या आजोळी येऊन पोचला होता. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापाने फणफणली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची (आजची एनआयव्ही) माणसं तिथे गेली होती. आधी सगळ्यांना धास्ती होती की भारतात यलो फिव्हर शिरला, पण निघाला एक नवाच व्हायरस, डेंग्यूच्याच कुळातला, फक्त डासांऐवजी गोचिडीतून पसरणारा. एकदम जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कुणाच्या हिरड्यांतून नाकातून रक्त, आणि शंभरातली तीन ते पाच माणसं दगावतात.

मग मी गोचिडी गोळा करायला शिकले. पांढरं फ्लॅनेलचं कापड काठीला बांधायचं आणि काजूच्या बागेतल्या पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचं, थोडं गेलं की थांबून कापड उलटून बघायचं. पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही, सोबतच्या अनुभवी टेक्निशियन काकांनी बोट दाखवलं तेव्हा कळलं की मी ज्याला माती समजत होते ते ठिपके चालतायत. राजगिऱ्याएवढी पिल्लं, त्यांना निम्फ म्हणतात, आणि माणसाला चावतात ती बहुतेक हीच. चिमट्याने एकेक उचलून बाटलीत टाकायची, बाटलीवर जागा, तारीख लिहायची, लॅबमध्ये आणून जातीप्रमाणे वेगळी करायची, खलात कुटून त्यातला आरएनए (व्हायरसचं जनुकीय द्रव्य) काढायचा, आणि त्यात व्हायरस आहे का ते बघायला पीसीआर टेस्ट लावायची. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते, म्हणून मेलेल्या माकडाला हात लावू नका, आधी कळवा, हे आम्ही घरोघर सांगत फिरायचो. पण डिसेंबर ते मे हाच या तापाचा सीझन आणि काजूचाही सीझन तोच, बागेत जाऊ नका असं कुठल्या तोंडाने सांगणार?

तिथे एका मावशींनी मला विचारलं, "लस कधी येतली गो?" त्या प्रश्नामुळे मी लशीच्या कामाकडे वळले.

म्हणजे लस नव्हती असं नाही. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत व्हायरस वाढवून फॉर्मलिनने मारलेली लस कर्नाटकात 1990 पासून देत होते. पण दोन डोस, मग बूस्टर, मग परत दरवर्षी बूस्टर, आणि इंजेक्शन भयंकर दुखायचं, त्यामुळे लोक पुढच्या डोसला यायचेच नाहीत. संरक्षणही पुरेसं मिळेना, शेवटी 2022 मध्ये ती बंद केली. नव्या लशीवर काम चालू आहे.

मला एका गोष्टीचा खरंच त्रास होतो. कोविडचा व्हायरस मार्च 2020 मध्ये पुण्यात वेगळा केला आणि 3 जानेवारी 2021 ला कोव्हॅक्सिनला मंजुरी मिळाली. ते काम किती मोठं होतं ते आम्ही जवळून पाहिलंय, त्या लोकांबद्दल मला प्रचंड आदर आहे. पण ज्या मारलेल्या व्हायरसच्या पद्धतीने ती लस झाली ती पद्धत जुनीच, मग माकडतापाच्या चांगल्या लशीला 1957 पासून आजपर्यंत एवढी वर्षं का लागतायत? माझ्या मते कारण एवढंच की हा आजार जंगलाकडेच्या, काजू वेचणाऱ्या, सरपण आणणाऱ्या माणसांचा आहे, आणि त्यांची संख्या लशीचा धंदा उभा राहील एवढी नाही.

म्हणून मुलांना सांगते, मायक्रोबायोलॉजी घ्या, झूऑलॉजी घ्या, व्हेटर्नरी करून या, सगळ्यांना इथे जागा आहे, कीटक ओळखणारी माणसं तर आता शोधून सापडत नाहीत. आणि ज्यांना ठरवता येत नाहीये त्यांनी एकदा डिसेंबरनंतर आमच्याबरोबर बागेत या. लांब मोजे तेवढे आणा, पॅन्ट आत खोचावी लागते.