नवख्याला टेबल कोणतं द्यावं?

पूल, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने मारून कडेच्या भोकांत (पॉकेटमध्ये) घालायचा खेळ, शिकायला आलेल्याला बहुतेक जण क्लबातल्या सगळ्यात 'भारी' टेबलावर उभं करतात. पुढचा अर्धा तास एकही बॉल पॉकेटमध्ये जात नाही आणि मग 'मला जमणार नाही' सुरू होतं.

इथे हिशेब मिलिमीटरचा आहे. पूलचा बॉल ५७.१५ मिमी. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंच, म्हणजे साधारण ११४ मिमी असेल, तर दोन बॉल जेमतेम शेजारी मावतात. तेच सव्वाचार किंवा चार इंचांवर आणलं की कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) जरा घासलेला बॉलही तोंडाशी खडखडून बाहेर येतो. असे पॉकेट स्पर्धेच्या सरावाला ठीक. पहिल्या महिन्यात नकोतच. लांबीचंही तसंच. नऊ फुटी टेबलाचं खेळायचं क्षेत्र १०० × ५० इंच. नेमातली तीच चूक बॉल जितका लांब जाईल तितकी फुगत जाते, म्हणून सुरुवात सात फुटीवर करावी. स्नूकरचं बारा फुटी टेबल तर राहूच द्या!

क्यूची (खेळायच्या काठीची) टिप, म्हणजे टोकावरची चामड्याची टोपी, मात्र सोपी असून चालत नाही, नीटच हवी. चकचकीत, सपाट झालेली टिप खडू धरत नाही, मग ती बॉलवरून घसरते आणि नवखा दोष हाताला देतो. सॅंडपेपरने हलकं घासून गोलाई आणा, दर शॉटआधी खडू लावा. टिप १२-१३ मिमीची घ्या.