तोरणमाळचे दोन आरसे

शहाद्याहून तोरणमाळकडे निघाल्यावर काही वेळ केळी आणि पपईची शेते सोबत करतात आणि मग सातपुडा थेट अंगावर येतो. सातपायरी घाटातील वळणे इतकी तीव्र आहेत की समोरून येणारी जीप अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. अशाच एका वळणावरचा बहिर्वक्र आरसा नीट पाहता यावा म्हणून आम्ही पुढे मोकळ्या जागेत गाडी लावून मागे चालत आलो.

आरसा सपाट असो वा वक्र, परावर्तनाचा नियम एकच असतो: किरण आरशावर पडतानाचा आपतन कोन आणि तो परत फिरतानाचा परावर्तन कोन समान असतात. हे कोन स्तंभिकेपासून, म्हणजे किरण पडतो तिथे पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेपासून, मोजले जातात. सपाट आरशात सर्व स्तंभिका समांतर असतात, तर बाहेर फुगलेल्या आरशात त्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात. त्यामुळे दरीची कड, चढाचा रस्ता आणि वळणापलीकडची गाडी अशा निरनिराळ्या दिशांनी आलेले किरण एकाच डोळ्यात पोहोचतात. मात्र एवढे सारे दृश्य लहानशा आरशात मावायचे, तर प्रतिमा लहान होणारच. समांतर किरण परावर्तनानंतर ज्या बिंदूत मिळतात किंवा जिथून आल्यासारखे वाटतात, ती आरशाची नाभी. गोलीय आरशाचे नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून नाभीपर्यंतचे अंतर, वक्रता त्रिज्येच्या (आरसा ज्या गोलाचा भाग असतो त्याच्या त्रिज्येच्या) निम्मे असते. त्रिज्या 2 मीटर धरली, तर 50 मीटरवरील 3 मीटर उंच ट्रकची आभासी प्रतिमा आरशामागे सुमारे 98 सेंटीमीटरवर तयार होते आणि तिची उंची जेमतेम 6 सेंटीमीटर भरते. ती इतकी लहान असल्यामुळे ट्रक पुष्कळ लांब आहे, असे आपल्याला वाटते.

“आरशात गाडी लांब दिसली तरी ती जवळच आहे असं धरायचं, साहेब,” असे आमचे चालक म्हणाले. घाटातल्या प्रत्येक आरशाखाली हे वाक्य लिहिलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

वर पोहोचून यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी पाहिली. दुपारी एका अंगणात दुसरा आरसा भेटला: सूर्यचुलीची अंतर्वक्र तबकडी आणि तिच्या नाभीपाशी टांगलेले, बाहेरून काळे केलेले डाळीचे पातेले. ही तबकडी गोलाचा भाग नसते. गोलीय आरशात कडेजवळ पडलेले किरण मध्याजवळच्या किरणांपेक्षा आरशाच्या अधिक जवळ अक्षाला, म्हणजे आरशाच्या मध्यातून सरळ समोर जाणाऱ्या रेषेला, छेदतात आणि उष्णता विखुरते. अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराच्या) पृष्ठभागावर मात्र अक्षाला समांतर येणारे सर्व किरण एकाच बिंदूत मिळतात. निरभ्र दुपारी सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे 1000 वॅट ऊर्जा पडते, त्यामुळे दीड चौरस मीटरच्या तबकडीवर, काही ऊर्जा वाया जाऊनही, डाळ सहज शिजते. चुलीजवळच्या मावशी अधूनमधून तबकडी किंचित फिरवत होत्या. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. वीस मिनिटे दुर्लक्ष झाले तर किरण अक्षापासून 5 अंश ढळतात आणि उजेडाचा ठिपका पातेल्याच्या बुडावरून बाजूला सरकू लागतो.