आमदाराची इस्टेट आणि आपली वर्गणी

निवडणुकीचे अर्ज भरून झाले की दोनच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर ती यादी फिरायला लागते, कुणाकडे किती कोटी, कुणाच्या बायकोकडे किती तोळे, कोण म्हणतो माझ्या नावावर एकही गाडी नाही. मग ग्रुपवर दिवसभर तेच, पाच वर्षांत यांचं डबल कसं होतं, आमच्या पगारात तर महागाईसुद्धा भागत नाही, सात पिढ्या बसून खातील यांच्या. आणि गणपती आले की त्याच ग्रुपवर फोटो येतो, भाऊंनी मंडळाला एवढे दिले, दिलदार माणूस, खाली पन्नास नमस्कार. दोन्ही मेसेज टाकणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो, आणि मला वाटतं नेत्यांच्या पैशाबद्दल आपलं खरं मत काय आहे ते या दोन मेसेजमध्येच कळतं.

आधी हे आकडे आपल्याला दिसतात कसे ते सांगते कारण ते आपोआप दिसायला लागलेले नाहीत. एडीआर नावाची संस्था कोर्टात गेली म्हणून २ मे २००२ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण, गुन्हे हे सगळं जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे. त्यावर पक्षांनी काय केलं तर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे एकत्र आले आणि त्याच वर्षी कायदा बदलून निकालाला बगल दिली. मार्च २००३मध्ये कोर्टाने ते कलमही रद्द केलं तेव्हा कुठे आज आपण जे अफिडेव्हिट, म्हणजे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, बघतो ते हातात आलं. इतक्या भांडणानंतर मिळालेला कागद आपण बेरजेचा आकडा बघून सोडून देतो याचं मला फार वाईट वाटतं.

तो कागद म्हणजे नमुना २६. एकदा उघडून नीट वाचा, निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर असतो. उभे कॉलम स्वतःचे, पती किंवा पत्नीचे, एकत्र कुटुंबाचे आणि अवलंबित असलेल्यांचे. आता अवलंबित म्हणजे ज्याला स्वतःचं उत्पन्न नाही तो, म्हणजे मुलगा कमावता झाला, त्याची कंपनी निघाली, की तो या कागदातून बाहेर. स्थावर मालमत्तेत गट नंबर असतो, क्षेत्र असतं, वारसाने आली की विकत घेतली ते असतं, घेतल्याची तारीख आणि तेव्हाची किंमत असते, शेजारी आजची अंदाजे बाजारभावाची किंमत. मी सगळ्यात आधी खरेदीची तारीख बघते. माणूस कुठल्या वर्षी कुठल्या पदावर होता आणि त्या वर्षी जमीन कुठे घेतली हे शेजारी शेजारी ठेवलं की निम्मं चित्र तिथेच कळतं, रिंग रोड कुठून जाणार हे आपल्याला पेपरात वाचून कळतं, काहींना बरंच आधी कळतं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे शेतीचं उत्पन्न. शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे तिथे आकडा मोठा दाखवला तरी टॅक्स भरावा लागत नाही. माझे मामा सोलापूरकडे शेती करतात, थोडा ऊस, बाकी ज्वारी, पाणी असलं तर कांदा. मी त्यांना एका पुढाऱ्याच्या अफिडेव्हिटमधलं शेतीचं उत्पन्न आणि एकरांचा आकडा वाचून दाखवला. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "एकरी एवढं निघत असतं तर पोरगं पुण्याला कशाला पाठवलं असतं गं?" अशी तपासणी कुठला सीए करू शकणार नाही आणि आपल्याकडे गावोगावी अशी माणसं आहेत, पण तो कागद त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, पोचते ती फक्त कोटींची बेरीज.

बेरजेने फसायलाही होतं. महाराष्ट्रात २०२४च्या विधानसभेत निवडून आलेल्यांपैकी एडीआरने २८६ जणांची अफिडेव्हिट तपासली, त्यात २७७ करोडपती, म्हणजे ९७ टक्के, सरासरी मालमत्ता ४३.४२ कोटी, २०१९ला हीच सरासरी २२.४२ कोटी होती. ऐकून डोकं गरगरतं. पण त्यात घाटकोपर पूर्वचे पराग शहा एकटेच ३,३८३ कोटींचे आहेत, एकट्या त्यांच्यामुळे सरासरी जवळपास १२ कोटींनी वर जाते. ते बांधकाम व्यवसायातले, त्यांची कंपनी शेअर बाजारात आहे, शेअर वर गेला की अफिडेव्हिटमधला आकडाही वर जातो, सगळं उघड्यावर आहे. श्रीमंत माणसाने राजकारणात येऊ नये असं मी म्हणणार नाही. मला काळजी वाटते ती अशा माणसाची ज्याला राजकारण सोडून दुसरा धंदाच नाही आणि तरी दर पाच वर्षांनी दोन फ्लॅट आणि एक पेट्रोल पंप वाढलेला असतो.

आणि आपल्या महाराष्ट्रात तर अफिडेव्हिटमध्ये न येणारी श्रीमंती हीच खरी श्रीमंती. साखर कारखाना सभासदांचा, दूध संघ सभासदांचा, बँक ठेवीदारांची, कॉलेज ट्रस्टचं. १९८३ला मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, खेड्यापाड्यातली मुलं त्यामुळे इंजिनिअर झाली हेही खरं, पण साखरसम्राटांच्या जोडीला शिक्षणसम्राट त्यातूनच उभे राहिले. यातलं काहीच कुणाच्या नावावर नसतं. पण नोकरी कुणाला द्यायची, ऊस कुणाचा आधी तोडायचा, कर्ज कुणाचं मंजूर करायचं हे एकाच वाड्यावर ठरतं. कागदावर माणूस दोन कोटींचा आणि तालुका सगळा त्याच्या खिशात. याला आपण श्रीमंती म्हणतच नाही, आपण म्हणतो साहेबांनी तालुका उभा केला.

साध्या माणसांचं आपल्याला कौतुक नाही असं अजिबात नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यात गणपतराव देशमुखांचं नाव काढलं की म्हातारी माणसं अजून हात जोडतात, सांगोल्यातून ११ वेळा आमदार, दोनदा मंत्री, आणि प्रवास एसटीने. २०२१ला ते गेले तेव्हा प्रत्येकाच्या स्टेटसला त्यांचा फोटो होता. डहाणूचे विनोद निकोले २०१९ला निवडून आले तेव्हा त्यांची जाहीर मालमत्ता ५१ हजारांच्या आसपास होती, २०२४ला लोकांनी त्यांना परत निवडून दिलं. म्हणजे लोक साध्या माणसाला मत देतच नाहीत हे खोटं आहे. पण सांगोला काय आणि डहाणू काय, दोन्हीकडे मागे वर्षानुवर्षं राबलेली लाल बावट्याची, म्हणजे डाव्या पक्षांची, संघटना आहे, पोस्टर चिकटवायला माणूस पैसे मागत नाही. जिथे तशी संघटना नाही तिथे साधा माणूस प्रचाराची गाडी कुठून आणणार?

आता वर्गणीचं. आमदाराच्या ऑफिसात सकाळी नऊला जाऊन बसा एकदा. मी बसलेय, कामासाठीच गेले होते. बाकावर एक बाई होत्या, नवऱ्याचं ऑपरेशन, हॉस्पिटलने डिपॉझिट भरल्याशिवाय दाखल करून घेणार नाही म्हणून सांगितलेलं, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. त्यांच्यानंतर क्रिकेट स्पर्धेवाले, पहिलं बक्षीस कोण देणार म्हणून. मग पत्रिका घेऊन आलेलं एक जोडपं, मग देवदर्शनाच्या सहलीच्या बसचं. पीए प्रत्येकाचं डायरीत लिहून घेत होता. त्या बाईंचं काम झालं, फोन गेला, दाखल करून घेतलं. त्या आमदाराने पैसा कुठून आणला हे त्या बाईंनी विचारावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? सरकारी दवाखान्यात ते ऑपरेशन वेळेवर झालं असतं तर त्या तिथे आल्याच नसत्या. "खातो पण कामं करतो" हे वाक्य तिथे जन्माला येतं, आणि मी आता त्या वाक्यावर लोकांना नावं ठेवत नाही.

पण क्रिकेटवाल्यांना आणि सहलवाल्यांना मी नावं ठेवते. आमदाराच्या पगारात हे बसत नाही हे त्यांना माहीत असतं, तरी मागतात, आणि न देणारा असला की म्हणतात हा कंजूष, याच्या हाताला सूट नाही. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, पण मधल्या पाच वर्षांच्या दहीहंड्या, हळदीकुंकवाच्या साड्या, दिवाळीच्या उटण्याचे डबे, त्याचा हिशेब कुठेच नाही. तो पैसा कुठून तरी वसूल होणार, बिल काढताना होणार, टेंडरमध्ये होणार, आणि मग रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला की आपण परत ग्रुपवर.

सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८मध्ये लोकप्रहरी या संस्थेच्या केसमध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलं, नुसती मालमत्ता नाही तर उमेदवाराच्या आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचा स्रोतही सांगा, आणि निवडून आलेल्यांची संपत्ती अवाजवी वाढतेय का ते बघायला कायमची यंत्रणा उभी करा असंही म्हटलं. स्रोताचा रकाना आला, त्यात बहुतेक जण "शेती व व्यवसाय" एवढं लिहून मोकळे होतात. यंत्रणा काम करताना मला तरी दिसलेली नाही, आणि ती मागायला कुठे मोर्चा निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, पंचायत समितीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. पाणी फाउंडेशनच्या कामात उन्हातान्हात राबलेला, गावातली प्रत्येक विहीर त्याला माहीत. एका पक्षाच्या तालुक्याच्या माणसाकडे तिकीट मागायला गेला तर पहिला प्रश्न, "किती लावणार?" काम काय केलंस, गावात किती माणसं आहेत तुझ्याकडे, असं काही नाही. तो घरी आला आणि वडिलांना म्हणाला अर्धा एकर विकूया का. वडील नको म्हणाले. मला हे सांगताना तो चिडलेला नव्हता, उलट त्या तालुक्याच्या माणसाची बाजू मला समजावून सांगत होता, ताई त्यांचंही बरोबर आहे, नुसतं पाणी अडवून मतं पडत नाहीत, आपल्याच वाडीवरची पोरं पहिल्यांदा येऊन विचारतील ना, जत्रेला काय देणार.